पदक कोणाचें, साक्ष कोणाची ?

दरसाल २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे दोन दिवस जवळ आले म्हणजे शौर्यपदकांची सरकारी यादी प्रसिद्ध होते. कोणास कीर्तिचक्र, कोणास शौर्यचक्र, कोणास सेना मेडल. शहरांतले लोक ती यादी चहाबरोबर वाचतात आणि पान उलटतात. आमच्या अमळनेर तालुक्यांतल्या खेड्यांतून ती पुष्कळदां वाचलीहि जात नाहीं. वास्तविक ती वाचण्याचा पहिला हक्क आमच्या लोकांचा आहे. कारण तींतलीं कितीतरी नांवें नांगर धरणाऱ्या, मेंढरें राखणाऱ्या, भाता फुंकणाऱ्या आणि मजुरीवर जाणाऱ्या घरांतलीं असतात. मुलगा आमचा, रक्त आमचें, आणि वाचणारे मात्र दुसरे, अशी ही तऱ्हा आहे. म्हणून ह्या अंकीं पदकांविषयीं चार गोष्टी आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पदक ही काय वस्तु आहे तें पाहूं. रणांगणावरील शौर्याचें आपल्या देशांतलें सर्वांत मोठें पदक म्हणजे परमवीरचक्र. तें २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालें आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमास लागू करण्यांत आलें. तें सोन्याचें नाहीं, चांदीचेंहि नाहीं. साध्या कांशाचें आहे. तांबटाच्या तराजूंत घातलें तर त्याच्या मोलानें घरच्या माणसांची एका वेळची भाजीभाकरी होणें कठीण. त्याचें चित्र ज्यांनीं काढलें त्या सावित्रीबाई खानोलकर जन्मानें युरोपांतल्या. विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं लग्न करून त्या महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या. त्यांनीं चक्राच्या मधोमध राजमुद्रा व भोंवतीं इंद्राचीं चार वज्रें घातलीं. हें वज्र दधीचीच्या हाडांचें केलेलें होतें अशी कथा आहे. पुराणांतल्या कथा आम्ही इतिहास म्हणून मानीत नाहीं. पण हिचा अर्थ कोणाहि शेतकऱ्याला कळण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या रक्षणासाठीं ज्यानें आपलीं हाडें दिलीं त्याचें हें चिन्ह. तेव्हां मोल धातूचें नव्हे, साक्षीचें आहे. सारा समाज उभा राहून सांगतो कीं, ह्या माणसानें आपला जीव पणाला लावला, आणि हें आम्हांस ठाऊक आहे. पदक म्हणजे ती साक्ष.

आतां ही साक्ष कोणाच्या वांट्यास यावी आणि कोणाच्या येऊं नये, हें फार दिवसपर्यंत कातडीच्या रंगावर आणि जातीवर ठरत असे. १८३७ सालीं कंपनी सरकारनें हिंदी शिपायांकरितां 'ऑर्डर ऑफ मेरिट' नांवाचें मानचिन्ह काढलें. १८५६ सालीं इंग्रजांनीं व्हिक्टोरिया क्रॉस काढला. परंतु हिंदी शिपाई त्याला पात्र ठरला १९११ सालीं. म्हणजे पंचावन्न वर्षें एकाच रणांत गोरा आणि काळा शेजारीं शेजारीं लढत होते, गोळी दोघांस सारखीच लागत होती, पण मोठा मान मात्र एकाचाच होता. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धाचें जें सरसकट पदक वांटलें, तें लढाऊ शिपायास चांदीचें आणि हिंदी मजूर-तुकड्यांतल्या माणसांस कांशाचें दिलें. ओझें वाहणारा, रस्ता करणारा, खंदक खणणारा तो हलका ! धातूंतहि वर्णव्यवस्था शिरली ती अशी. आणि ही कल्पना केवळ विलायतेची होती असें कोणीं समजूं नये. आपल्या गांवगाड्यांत ती आधींपासूनच नांदत होती.

कोरेगांवची हकीकत घ्या. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं जी लढाई झाली तिच्या स्तंभावर बावीस महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दगडावर कोरलेली ह्याहून पक्की साक्ष ती कोणती ? तरीहि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं सरकारनें 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' अशी विभागणी करून महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर शिपाई. त्यांनीं १८९४ सालीं ह्या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. अर्ज पडून राहिला. १९१७ सालीं महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलें आणि १९२१ सालीं ती मोडून टाकली. पुन्हां दुसरें महायुद्ध पेटलें, तेव्हां १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट निघाली. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात तें हेंच. माणसाचें धैर्य तेंच होतें, बाप तोच, गांव तेंच. बदलत होती ती केवळ मालकाची गरज. ज्याला रणांत शिरूंच दिलें नाहीं त्याला पदक कोठून मिळणार ? आणि मग त्याच्या छातीवर पदक नाहीं, हाच त्याच्या भ्याडपणाचा पुरावा म्हणून दाखवावयाचा ! ह्या न्यायाला काय म्हणावें हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या खानदेशाचाहि ह्यांत वांटा आहे. आमच्या शेजारच्या धरणगांवीं १८२५ सालीं औट्रम साहेबानें भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना कालपर्यंत लुटारू म्हणून सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून हुडकीत होते, तेच भिल्ल कवाइतींत उभे राहिले आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्तास लागले. पुढें १८५८ सालीं सातपुड्यांत अंबापाणीस इंग्रजांशीं भिल्लांची झुंज झाली. त्या बंडाचा पुढारी खाजा नाईक हा पूर्वीं सेंधव्याच्या घाटांत सरकारचीच राखण करीत असे. अंबापाणीच्या डोंगरांत जे पडले त्यांच्या नांवानें कोणतें पदक निघालें नाहीं, निघणारहि नव्हतें. पराक्रम तोच, सरकारच्या बाजूनें केला तर शौर्य, आणि आपल्या रानासाठीं केला तर दरोडा. पदकांची यादी वाचतांना ही दुसरी, न छापलेली यादीहि शेतकऱ्याच्या पोरानें मनांत ठेवावी.

येथें कोणी असें विचारील कीं, परक्या राजासाठीं परक्या मुलखांत जाऊन जे लढले, त्यांच्या पदकांचा आपण अभिमान कां धरावा ? प्रश्न रास्त आहे. राजा परका होता, युद्ध आपण पुकारलेलें नव्हतें, आणि आमचीं पोरें पलटणींत गेलीं तीं बहुतकरून पोटासाठीं गेलीं, हें आम्हांस कबूल आहे. पण धन्याचा हेतु निराळा आणि चाकराचा गुण निराळा. मोंगलाच्या शेतांत राबलेल्या कुणब्याच्या हाताचें कसब मोंगलाचें होत नाहीं, तसेंच हें आहे. शिवाय गोळ्यांच्या मारांत पडलेल्या सोबत्याला पाठीवर घेऊन येणारा माणूस त्या घटकेला कोणत्याहि राजासाठीं कांहीं करीत नसतो. तो आपल्या सोबत्यासाठीं करीत असतो. हें आमचें म्हणणें पटावें म्हणून तीन खऱ्या हकीकती सांगतों.

कुलाबा, म्हणजे आतांचा रायगड, ह्या जिल्ह्यांत माणगांव तालुका आहे; त्यांतल्या पळसगांवचे यशवंत घाडगे. तिसऱ्या-पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत नाईक. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते एकटे सोडून तुकडींतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहींत. ते सरळ त्या ठाण्यावर धांवून गेले. हातबाँबनें गन चालविणारा पाडला, दुसऱ्याला गोळी घातली, आणि बंदुकींत नवीन गोळ्या भरण्यास वेळ नाहीं असें पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दांड्यानेंच ठार केलें. तेवढ्यांत लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते तेथेंच पडले. वय अवघें बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. जुलै २०२३ मध्यें इटलींतल्या मोंतोने गांवच्या लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलें. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें वाक्य त्याचें बोधवाक्य आहे. परक्या गांवानें एकुणऐंशी वर्षांनंतर कोंकणांतल्या कुणबाऊ घरांतल्या पोराची आठवण ठेविली, हें ध्यानांत धरा.

दुसरे नामदेव जाधव. नगर जिल्ह्यांतल्या निमज गांवचे, पहिल्या-पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत साधे शिपाई. कंपनीचा निरोप इकडून तिकडे पोंचविणें हें त्यांचें काम. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतच सेनिओ नदी ओलांडतांना पलीकडच्या बांधांतल्या ठाण्यांतून गोळ्यांचा वर्षाव झाला. कंपनीचा अधिकारी व दोन शिपाई जखमी झाले. त्या टोळींतले बाकीचे, एक जाधव सोडून, मारले गेले. जाधवांनीं काय केलें ? एका जखमीला उचललें, खोल पाण्यांतून पार केलें, उभा चढ चढले, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून त्याला सुखरूप पोंचविलें. मग परत गेले आणि दुसऱ्याला तसेंच आणलें. ह्या दोन्हीं खेपा गोळ्यांच्या व तोफगोळ्यांच्या माऱ्यांत झाल्या. तिसऱ्या खेपेस ते एकटेच शत्रूवर गेले. पहिलें ठाणें बंद पाडलें; हाताला जखम होऊन बंदूक चालेना तेव्हां ती टाकून हातबाँब घेतले आणि आणखी दोन ठाणीं गप्प केलीं. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उघड्यावर चढून मराठ्यांची रणघोषणा केली आणि मागच्या कंपन्यांना पुढें येण्याची खूण केली. त्यांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परत आले व १९८४ सालीं वारले.

ह्या हकीकतींतला क्रम आमच्या वाचकांनीं नीट पाहावा. पहिल्या दोन खेपा वांचविण्यासाठीं, तिसरी मारण्यासाठीं. सभांतून व सिनेमांतून आपल्या पोरांस तिसरी खेप तेवढी दाखविली जाते. परंतु आमच्या मतें पहिल्या दोन खेपाच अधिक कठीण आहेत. मारावयास जाणाऱ्याच्या अंगांत संताप असतो, आणि संताप भीतीला झांकतो. पाठीवर जखमी माणूस घेऊन, हात गुंतलेले असतां, सुरुंगांतून पाऊल टाकणाऱ्याजवळ संतापाचा आधार नसतो. त्याचें धैर्य थंड डोक्याचें असतें.

तिसरी हकीकत ह्याच जातीची आहे. कारवारजवळच्या चेंडिया गांवचे रामा राघोबा राणे. जन्म १९१८ चा, मुंबई इंजिनियर्समध्यें भरती झालेले, दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशांत लढलेले. १९४८ सालीं काश्मीरांत नौशेऱ्याहून राजौरीस जाणारा रस्ता शत्रूनें सुरुंगांनीं व तोडलेल्या झाडांनीं बंद केला होता. ८ एप्रिल ते ११ एप्रिल असे चार दिवस राण्यांनीं आपल्या तुकडीसह रणगाड्यांच्या पुढें राहून तो मोकळा केला. आरंभींच माऱ्यांत त्यांचे सोबती मेले, ते स्वतः जखमी झाले. तरी काम सोडलें नाहीं. सुरुंग काढणें, ओंडके हटविणें, कडेनें नवी वाट पाडणें, हें तें काम. कुदळ-पहारीच्या कामालाच जवळचें म्हणाना ! त्यांना परमवीरचक्र मिळालें, आणि तें जिवंतपणीं मिळालेले ते पहिले. १९९९ पर्यंत ज्या एकवीस जणांना हें पदक मिळालें त्यांतल्या चवदांना तें मरणोत्तर मिळालें, ह्यावरून जिवंतपणीं मिळण्याचें मोल कळेल. महायुद्धानंतर ओझेंवाल्याला व खणणाऱ्याला कांशाचें पदक देऊन हिणविलें होतें. आणि स्वतंत्र देशानें आपल्या सर्वांत मोठ्या, त्याच कांशाच्या पदकाचे पहिले मानकरी ठरविले त्यांत रस्ता साफ करणारा एक जण होता. काळानें घेतलेला हा सूड आम्हांस फार आवडतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. शिपायाच्या हातून पराक्रम घडतो. पण पदक त्याच्या पाठोपाठ आपोआप चालत येत नाहीं. कोणी तरी पाहावें लागतें, पाहिलेलें सांगावें लागतें, सांगितलेलें कागदावर उतरावें लागतें, आणि तो कागद एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत चढत जावा लागतो. जाधवांचा कागद कोणी नीट लिहिला, म्हणून आज त्यांच्या तिन्ही खेपा आपणांस ठाऊक आहेत. त्याच दिवशीं त्याच पाण्यांत जे मेले त्यांच्यांत कोणीं काय केलें, हें सांगावयास कोणी उरला नाहीं. आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. आयुष्य पाटीपेन्सिलींत गेलें. मुलाला लिहावयास कशासाठीं शिकवावयाचें, असें कोणी बाप विचारतो तेव्हां आम्ही त्याला नोकरीचें आमिष दाखवीत नाहीं. आम्ही सांगतों कीं, बाबा, ज्या घरांत लिहिणारा नाहीं त्या घराचा पराक्रम तिसऱ्या पिढींत मरतो. ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या बारीकसारीक गोष्टींच्या बखरी झाल्या. आमचे आजोबा समुद्रापार जाऊन आले आणि त्यांचें नांवहि नातवास सांगतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतल्या कित्येक गांवांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. ह्या गांवांतून इतके इसम युद्धावर गेले, पैकीं इतके मेले, एवढेंच त्यांवर लिहिलेलें असतें. आंकडे आहेत, नांवें नाहींत. गुरांची मोजदाद करावी तशी ही माणसांची मोजदाद. आणि ज्या पदकांवर नांवें होतीं तीं आम्हीं सांभाळलीं नाहींत. त्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेला शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असते, हें पुष्कळांना ठाऊकहि नाहीं. दुष्काळाच्या सालीं तीं पदकें सोनाराच्या मुशींत गेलीं, कांहीं पोरांच्या खेळण्यांत हरवलीं. पोटासाठीं विकलीं त्यांना आम्ही दोष देत नाहीं; भुकेपुढें अक्षर दिसत नाहीं. पण अजून ज्यांच्या पेटींत तळाशीं असें एखादें पदक आहे त्यांनीं तें बाहेर काढावें, चिंध्यानें पुसावें, आणि कडेवरचीं अक्षरें शाळेंतल्या मुलाकडून वाचवून घ्यावीं.

रणावरचा पराक्रम वर्षांतून कधीं तरी घडतो. गांवांतला पराक्रम तर दर पावसाळ्यांत घडतो. तापीला, पांझरेला, बोरीला पूर येतो आणि कोणी तरी पोहणारा दोराला धरून दुसऱ्याला काढतो. विहिरींतला गाळ काढतांना खालच्या माणसाला विषारी वायूनें भोंवळ येते आणि वरचा गडी त्याच्यासाठीं खालीं उतरतो. झोंपडीला आग लागते आणि एखादी बाई शेजारणीचें मूल बाहेर आणते. अशांसाठीं सरकारनें १९६१ सालीं जीवन रक्षा पदक काढलें. बुडणें, आग, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, अशा प्रसंगीं जीव धोक्यांत घालून दुसऱ्याला वांचविणाऱ्यास तें मिळतें. त्यास शिपाई असण्याची गरज नाहीं, स्त्री-पुरुष असा भेद नाहीं. पण तेथेंहि कागद लागतो. तलाठी, सरपंच, पोलीस, मास्तर ह्यांपैकीं कोणी तरी हकीकत लिहून जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते, आणि तीहि वेळेवर. दिवस फार गेले कीं प्रकरण शिळें होतें. आमच्या गांवांत हें होत नाहीं. वांचविणारा दुसरे दिवशीं कामावर जातो, त्याचें कौतुक चावडीवर घटकाभर होतें, आणि संपलें. तो भिल्ल असला किंवा सालदार असला तर कौतुकहि होत नाहीं. त्याचें तें कामच आहे असें म्हणतात! हें बंद झालें पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्या आयाबहिणींसाठीं. पदकाबरोबर दरमहा भत्ता असतो. २०१७ सालीं सरकारनें तो दुप्पट केला. परमवीरचक्राचा दहा हजारांचा वीस हजार रुपये झाला, सेना मेडलाचा एक हजाराचा दोन हजार. वीर गेला तर भत्ता त्याच्या विधवेस मिळतो. पूर्वीं नियम असा होता कीं, तिनें पुन्हां लग्न केलें तर भत्ता बंद. मेलेल्या नवऱ्याच्या भावाशीं केलें तरच चालू. म्हणजे पैसा घरांत राहावा म्हणून बाईनें दिराच्या गळ्यांत माळ घालावी, असा तो अर्थ. नोव्हेंबर २०१७ मध्यें ही अट सरकारनें काढून टाकली. कुणब्या-माळ्यांत पाट लावण्याची चाल पूर्वींपासून आहे. बाईनें जन्मभर कुढत बसावें हें आमच्या लोकांनीं कधीं मानलें नाहीं. तेव्हां ज्या घरांत अशी सून आहे त्या घरानें तिच्या मर्जीवर पैशाचा फांस टाकूं नये. तिचें खातें तिच्याच नांवें असावें आणि पासबुक तिच्याच हातीं असावें. वीराच्या फोटोला हार घालून त्याच्या बायकोला दाण्याला महाग करणें, ह्याला आम्ही मान म्हणत नाहीं.

बंधूंनो, ह्या सर्वांचें सार तीन कामांत येतें, आणि तिन्ही कामें बिनपैशाचीं आहेत. पहिलें, दर गांवच्या शाळेंत एक वही असावी. गांवांतून कोण कोण पलटणींत गेले, केव्हां, कोणत्या पलटणींत, परत आले कीं नाहीं, हें म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून मुलांनीं तींत लिहावें. आणि त्यांत महारवाड्यांतला, भिल्लवाड्यांतला, कोळीवाड्यांतला, कोणीहि सुटूं नये. दुसरें, जळगांव व धुळें येथें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. पेन्शनचा, भत्त्याचा, विधवेच्या हक्काचा प्रश्न असेल तर दलालाला पैसे न देतां तेथें जावें, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्याबरोबर गांवच्या शिकलेल्या मुलानें जावें. तिसरें, ह्या पावसाळ्यांत ज्यानें कोणाचा जीव वांचविला असेल त्याची हकीकत आठ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतीच्या कागदावर, साक्षीदारांच्या सह्यांनिशीं उतरवावी.

पदक मिळेल न मिळेल, तें दिल्लीच्या हातीं आहे. साक्ष देणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि शाई फार महाग नाहीं.